मीटर पास, घर नापास: थिएटरचा सिनेमा टीव्हीसाठी मिक्स करताना

टीव्हीसाठी पहिला सिनेमा दिला तेव्हा मी केलेली चूक आधी सांगतो, कारण ती बहुतेक जण करतात. वाहिनीच्या टेक शीटवर, म्हणजे फाइल कशी हवी त्या तांत्रिक अटींच्या कागदावर, आवाजाची सरासरी पातळी लिहिली होती −२३. माझा थिएटर मिक्स मीटरवर −१९.८ दाखवत होता. मी सरळ सगळी फाइल ३.२ डीबीने खाली ओढली, पुन्हा मोजली, −२३.० आलं. फाइल गेली, क्यूसीत, म्हणजे वाहिनीच्या तांत्रिक तपासणीत, पास झाली. प्रक्षेपणाच्या रात्री निर्मात्याचा फोन आला: "अरे, आईला एकही डायलॉग कळत नाहीये, आणि गाणं लागलं की सगळे कानावर हात ठेवतायत." मीटर पास, घर नापास. टेक शीटमधलं एकही वाक्य मी मोडलं नव्हतं.

हा लेख त्या फोनपासून वाचण्यासाठी आहे. तुम्हाला स्टेम, बस, लिमिटर हे शब्द माहीत आहेत, पण टीव्हीसाठी कधी काम दिलेलं नाही, असं धरून चालतो. टीव्हीच्या चॅनलला इथे ‘वाहिनी’ म्हणतो. ‘चॅनल’ म्हणजे आवाजाचा, डावा, उजवा, सेंटर वगैरे. नाहीतर गोंधळ होतो.

हा −२३ आला कुठून

पूर्वी वाहिन्या फक्त पीक बघायच्या. सुई अमुक रेषेच्या वर जायची नाही, एवढंच. त्यामुळे जाहिरातवाल्यांनी आवाज दाबून दाबून इतका घट्ट केला, की पीक तोच, पण कानाला दुप्पट. त्यावर उपाय म्हणून आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २००६ मध्ये बीएस.१७७० ही मोजणीची पद्धत आणली. युरोपात ईबीयू या प्रसारकांच्या संघटनेने २०१० मध्ये आर १२८ ही शिफारस काढली: कार्यक्रमाची सरासरी −२३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप), ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर, त्याबद्दल पुढे) जास्तीत जास्त −१ डीबीटीपी. अमेरिकेत एटीएससी या टीव्हीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ए/८५ मध्ये −२४ एलकेएफएस आणि −२ डीबीटीपी आहे, आणि जाहिरातींच्या आवाजाला लगाम घालणारा ‘कॅल्म’ कायदा तिथे डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. एलयूएफएस आणि एलकेएफएस ही एकाच मापाची दोन नावं. घाबरायचं कारण नाही.

आपल्याकडे १९९४ च्या केबल टीव्ही नियमांतल्या जाहिरात संहितेत जाहिरातीचा आवाज अति मोठा नसावा असं म्हटलंय, पण तिथे आकडा नाही. आकडा येतो वाहिनीच्या शीटमधून, आणि तो बहुधा −२३ किंवा −२४ असतो. म्हणून पहिलं काम शीट मागवण्याचं. ‘नेहमीचंच आहे’ असं कोणी फोनवर सांगितलं तरी लेखी घ्या. त्यात एवढं सापडलं पाहिजे: सरासरी किती आणि कितीची सूट, ट्रू पीकची मर्यादा, मोजणी पूर्ण मिक्सची की फक्त संवादांची, ५.१ (पाच चॅनल आणि एक बासचा) हवं की स्टीरिओ की दोन्ही, चॅनलचा क्रम, आणि फ्रेम रेट. क्रमाबद्दल पुढे वेगळं बोलू, कारण तिथे मी दुसऱ्यांदा आपटलो.

मीटर काय मोजतो, काय मोजत नाही

मीटरवर तीन आकडे असतात. मोमेंटरी ४०० मिलिसेकंदांचा, शॉर्ट-टर्म ३ सेकंदांचा, आणि इंटिग्रेटेड म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतची सरासरी. शीटमधला −२३ हा इंटिग्रेटेड. काम करताना डोळा मात्र शॉर्ट-टर्मवर हवा.

मोजण्याआधी मीटर आवाजाला कानासारखा चाळतो: खालचा बास कापतो, वरच्या भागाला सुमारे ४ डीबी उचल देतो. मागचे दोन सराउंड चॅनल दीड डीबीने जास्त मोजतो. एलएफई, म्हणजे बासचा वेगळा चॅनल, मोजतच नाही.

आणि तो गेट लावतो. −७० च्या खालचं सगळं आधीच बाद. उरलेल्याची सरासरी काढून, तिच्याहून १० एलयू (याच मापातला एक एलयू म्हणजे एक डीबी) खाली असलेलं पुन्हा बाद. सिनेमात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. सरासरी −२२ च्या आसपास असेल तर −३२ च्या खालची कुजबुज हिशेबातच येत नाही. म्हणजे तुमच्या सिनेमातला सगळ्यात नाजूक प्रसंग, अंगणात बाप-लेक हलक्या आवाजात बोलतायत, तो मीटरच्या लेखी घडलेलाच नाही. ऐकू येवो न येवो, रिपोर्ट हिरवाच.

दुसरी गंमत, ही सरासरी ऊर्जेची असते. मोठा आवाज थोडाच असला तरी वजन त्याचंच. एक सोपा हिशेब करू. समजा तासाभराच्या मटेरियलमध्ये ५० मिनिटं संवाद −२९ वर आहेत आणि १० मिनिटं ढोल-ताशा, गाणं, हाणामारी −१५ वर. सरासरी किती? −२७ वगैरे वाटेल. येते −२२. दहा मिनिटांनी पन्नास मिनिटांना गिळलं. आता माझ्यासारखं सगळं १ डीबी खाली ओढलंत तर −२३ मिळतं खरं, पण संवाद गेले −३० वर. मधल्या जाहिराती −२३ वर. म्हणजे घरातल्या माणसाला संवाद जाहिरातीपेक्षा ७ एलयू दबलेले ऐकू येणार. तो आवाज वाढवणार, मग ढोल येणार, मग रिमोटची शोधाशोध.

आता हेच दुसऱ्या वाटेने करा. संवाद ४ डीबी वर, −२५ ला. मोठे भाग ४ डीबी खाली, −१९ ला. सरासरी येते −२३ च्या पाव एलयू खाली. शीटमध्ये तेवढी सूट असेल तर बसलं, नसेल तर मास्टर पाव डीबी वर. संवाद आणि ढोल यांच्यातलं अंतर १४ वरून ६ झालं. आकडा दोन्हीकडे जवळपास तोच, सिनेमा वेगळा. टीव्ही मिक्सचं सगळं काम हे अंतर कमी करण्याचं आहे.

टेबलावर बसण्याआधी

निर्मात्याकडून स्टेम्स मागा: डायलॉग, म्युझिक, इफेक्ट्स, जमलं तर फोली (पावलं, कपडे असे नंतर केलेले आवाज) आणि ॲम्बियन्स (जागेचा पार्श्व-आवाज) वेगळे. नुसता बंद ५.१ मिक्स मिळाला तर हात बांधलेले असतात. संवाद सेंटरमध्ये असतात म्हणून सेंटर उचलू म्हणाल, तर त्याच सेंटरमधली पावलं आणि दारंही उचलली जातात. स्टेम्स मिळत नसतील तर ते आधीच मेलवर लिहून ठेवा, नंतर भांडण नको.

सिनेमा २४ फ्रेमचा आणि वाहिनीला २५ हवंय, हे नेहमीचं. चित्र नुसतं वेगाने चालवलं तर १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो आणि आवाजाची पट्टी पाऊण सेमीटोन चढते. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ जातं. गायक तुम्हाला विचारणारच. पट्टी पूर्ववत करायची असेल तर ती स्टेम्सवर, मिक्सच्या आधी करा. त्या प्रक्रियेत पीक हलतात. लिमिटरनंतर केलंत तर लिमिटर वाया.

मग खोली. थिएटरमध्ये −२० डीबीएफएसचा (डिजिटल कमाल पातळीच्या २० डीबी खालचा) पिंक नॉइज, म्हणजे चाचणीचा सरसर आवाज, पडद्यामागच्या एका स्पीकरमधून ८५ डीबी मोजतो. त्या पातळीला ऐकत बसलात तर कुजबुजही खणखणीत वाटते, आणि तुम्ही ती उचलणार नाही. टीव्हीसाठी ७९ ही बरीच रुळलेली पातळी आहे. खोली लहान असेल तर आणखी खाली. एकेक स्पीकर वेगळा मोजा, साउंड लेव्हल मीटर सी-वेटिंग आणि स्लोवर ठेवून. एकदा लावलं की मॉनिटरच्या नॉबला चिकटपट्टी लावा. हे मी शब्दशः म्हणतोय, माझ्या नॉबवर पिवळी पट्टी आहे. नॉब हलला की कान खोटं सांगायला लागतात.

जवळ एक साधा टीव्ही किंवा छोटा स्पीकर असू द्या. आणि पंखा. साउंडप्रूफ खोलीत ऐकू येणारं बरंच काही पंख्याखाली मरतं.

मीटर लावणं

मीटर सगळ्यात शेवटी, मास्टरवर, लिमिटरच्या नंतर. यूलीनचा मीटर फुकटातही मिळतो. न्यूजेन, आयझोटोप, वेव्ह्ज यांचे विकतचे आहेत. बीएस.१७७० पाळणारा कुठलाही चालेल. सेटिंगमध्ये आर १२८ की ए/८५ हे बघून घ्या, आणि ५.१ मोजताना मीटर खरंच ५.१ वर आहे ना तेही.

तपासणी एका मिनिटाची आहे. १ किलोहर्ट्झचा सूर −२३ डीबीएफएसवर डाव्या-उजव्या दोन्हीत टाका. मीटरने −२३.० दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर वाटेत कुठेतरी गेन बसलाय.

आता तो चॅनलचा क्रम. प्रो टूल्सचा नेहमीचा फिल्म क्रम: डावा, सेंटर, उजवा, डावा सराउंड, उजवा सराउंड, एलएफई. वाहिन्यांकडे जाणारा एसएमपीटीई क्रम: डावा, उजवा, सेंटर, एलएफई, डावा सराउंड, उजवा सराउंड. मी एकदा पहिल्या क्रमाची फाइल दुसऱ्या क्रमाच्या मीटरला दिली. त्याने माझा डावा सराउंड एलएफई समजून सोडून दिला, आणि खरा एलएफई उजवा सराउंड समजून वर दीड डीबी देऊन मोजला. आकडा पटण्यासारखा आला, म्हणून शंकाही आली नाही. क्यूसीवाल्याने कळवलं की संवाद उजव्या स्पीकरमधून येतायत. तेव्हापासून पाठवण्याआधी मी सहाही चॅनल एकेक करून सोलो ऐकतो. पाच मिनिटांचं काम, पण लाज वाचते.

आता मिक्स

म्युझिक आणि इफेक्ट्स म्यूट करा. फक्त डायलॉग स्टेम लावा आणि सिनेमा पहिल्यापासून चालवा. साधं बोलणं शॉर्ट-टर्मवर −२५ ते −२३ च्या पट्ट्यात राहील अशी फेडर ऑटोमेशन लिहा. हाताने. ओळीओळीने नाही, प्रसंगाप्रसंगाने, आणि जिथे एखादी ओळ गळतेय तिथे तेवढी ओळ. कॉम्प्रेसरवर सोडू नका. तो श्वास आणि मागची खरखरही त्याच मायेने उचलतो.

कुजबुजीसाठी माझा स्वतःचा नियम −३० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. हा कुठल्या शीटमधला नाही, अनुभवाचा आहे. ओरडणं −१९, −१८ पर्यंत जाऊ द्या. ओरडणं साध्या बोलण्याइतकंच केलंत तर नटाने काय केलं त्याला अर्थ उरत नाही.

त्या अंगणातल्या प्रसंगाकडे परत येऊ. थिएटरमध्ये संवाद −३६, रातकिडे −४५. नऊचं अंतर, अंधारात सुंदर वाटतं. टीव्हीसाठी बापाचं बोलणं ६ डीबी उचललं, −३० ला आणलं. रातकिडेही तेवढेच उचलले तर खोलीत पंख्याबरोबर मिसळून नुसता गोंगाट होतो. म्हणून रातकिडे फक्त २ डीबी. एका जागी लेक मान वळवून बोलते, तिथे शब्दाचं शेवटचं अक्षर खाली जातं. ‘जाते’मधला ‘ते’ गेला की वाक्याचा अर्थच जातो. त्या अक्षरावर आणखी ३ डीबी, आणि २ ते ४ किलोहर्ट्झला हलकीशी उचल. अशा जागा सिनेमात तीस-चाळीस निघतात. सगळा वेळ तिथेच जातो, आणि जाऊ द्यावा.

पुढच्याच कटला मिरवणूक. इथे मोह होतो की मास्टरवर कॉम्प्रेसर लावून ढोल चेपावा. नको. ढोल चेपला की टिपरूचा घाव जातो आणि उरतो तो घुमारा. टीव्हीच्या स्पीकरला नेमका घुमाराच झेपत नाही. स्टेमचा फेडर खाली घ्या, घाव तसाच ठेवा. कट पडताना पहिला ठोका मोठा राहू द्या, दीड-दोन सेकंदांनी फेडर हळूहळू ३ डीबी खाली सरकवा. कानाला ‘मोठं’ हे पहिल्या ठोक्यानेच पटलेलं असतं, नंतरची उतरण कोणाच्या लक्षात येत नाही. सरासरी मात्र चांगलीच खाली येते.

गाण्यांना दिग्दर्शक हात लावू देत नाहीत. त्यांना समोर बसवा, गाण्याआधीचा एक मिनिट संवाद आणि मग गाणं, टीव्हीवर, रिमोट त्यांच्या हातात देऊन ऐकवा. बहुतेकदा ते स्वतःच आवाज कमी करतात. मग वाद राहत नाही.

म्युझिक आणि इफेक्ट्स संवादाखाली आले की इंटिग्रेटेड बघा. पहिल्या खेपेला −२४ ते −२२ च्या मध्ये कुठेतरी असेल तर बरं चाललंय. −२० असेल तर मोठे भाग अजून मोठेच आहेत. मीटरवर लाउडनेस रेंज, म्हणजे एलआरए असते तीही बघा. थिएटर मिक्सची २० च्या वर जाणं काही विशेष नाही. आर १२८ मध्ये तिला कमाल मर्यादा नाही, पण काही वाहिन्या शीटमध्ये घालतात. घातलेली नसली तरी मी १५ च्या आत राहतो.

लिमिटर आणि स्टीरिओ

ट्रू पीक म्हणजे दोन सॅम्पलच्या मध्ये, डिजिटलचा पुन्हा ॲनालॉग होताना उठणारं शिखर. साध्या पीक मीटरला ते दिसत नाही. त्यासाठी मीटर सॅम्पल रेट चौपट करून बघतो. म्हणून लिमिटरही ट्रू पीकचाच हवा. शीटवर −१ असेल तर −२ ला लावा, −२ असेल तर −३ ला. पुढे प्रसारणाच्या कोडेकमधून जाताना शिखरं थोडी वाढतात. लिमिटर सिनेमाभर क्वचित हलला पाहिजे. सतत हलत असेल तर मिक्सकडे परत जा.

स्टीरिओ डाउनमिक्स करताना सेंटर आणि सराउंड ३ डीबीने उतरवून डाव्या-उजव्यात मिसळतात, एलएफई टाकून देतात. यातून दोन गोष्टी होतात. संवाद दोन्हीकडे ३ डीबी कमी, पण दोन ठिकाणी, म्हणून मीटरवर तेवढेच राहतात. सराउंडमधला पाऊस, गर्दी मात्र मोजणीत साडेचार डीबी उतरते. म्हणजे स्टीरिओचा आकडा ५.१ च्या आकड्यापेक्षा वेगळा येणारच. तो वेगळा मोजा, वेगळा जुळवा. दुसरं, तीन चॅनल एकात आल्यावर सगळे एकदम शिखरावर असले तर बेरीज साडेसात डीबीने फुगते. स्टीरिओला स्वतःचा लिमिटर लागतोच. एलएफईत जर काही एकट्याने ठेवलेलं असेल, एखादा स्फोट वगैरे, तर तो स्टीरिओत गायब होतो. त्याचा थोडा अंश आधीच डाव्या-उजव्यात टाकून ठेवा.

शेवटची मोजणी

पहिल्या फ्रेमपासून श्रेयनामावलीच्या शेवटच्या फ्रेमपर्यंत, एका दमात. आधीचे कलर बार, टोन आणि टू-पॉप (सुरुवातीच्या दोन सेकंद आधीचा बीप) मोजणीत घ्यायचे नाहीत. रीळ वेगवेगळी मोजून प्रत्येक −२३ ला आणायचं नाही; शांत रीळ शांतच असतं, ते उचललं की जोडावर आवाज उडी मारतो. जाहिरातींसाठी तुकडे पाडले असतील तरी हेच.

समजा −२३.४ आलं. शीटमध्ये सूट असली, तरी मास्टरवर ०.४ वाढवा आणि ट्रू पीक पुन्हा बघा. एम अँड ई (संवादांशिवायचा म्युझिक-इफेक्ट्स मिक्स) आणि स्टेम्स देणार असाल तर त्यांनाही तेवढंच हलवा. एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरच्या लाउडनॉर्म फिल्टरने हे आपोआप होईल असं कोणी सुचवेल. एका फेरीत चालवला तर तो डायनॅमिक पद्धतीने चालतो, म्हणजे तुम्ही रात्रभर बसून लिहिलेल्या ऑटोमेशनवर स्वतःचं ऑटोमेशन चालवतो, वर सॅम्पल रेट १९२ किलोहर्ट्झ करून ठेवतो. मोजायला एफएफएमपेग उत्तम, बदलायला नको.

प्रोमोही तुमच्याकडेच असेल तर त्याची शीट वेगळी: आर १२८ च्या छोट्या कार्यक्रमांसाठीच्या पुरवणीत −२३ सोबत शॉर्ट-टर्म −१८ च्या वर जायचा नाही अशी अट आहे. ओटीटीचंही वेगळं, नेटफ्लिक्स −२७ मागतं, २ एलयूच्या सुटीसह, आणि ते फक्त संवादांवर मोजलेलं. टीव्हीची फाइल तिथे पाठवून चालत नाही. ईबीयूनेही २०२३ मध्ये सिनेमासारख्या कार्यक्रमांसाठी एस४ ही पुरवणी काढून, संवाद आणि एकूण कार्यक्रम यांतला फरक बघायला सांगितलंय. उशिरा का होईना.

फाइलबरोबर मीटरचा रिपोर्ट पाठवा, फाइलच्या नावात चॅनलचा क्रम आणि फ्रेम रेट लिहा. तरी रिजेक्टचा मेल येऊ शकतो. लगेच फेडरला हात घालू नका. त्यांना तीन गोष्टी विचारा: कुठला मीटर आणि कुठली आवृत्ती, मोजलं ते ५.१ की स्टीरिओ, आणि ट्रू पीक कुठल्या टाइमकोडला ओलांडला. गेट नसलेल्या जुन्या आवृत्तीवर मोजलं असेल तर शांत सिनेमाचा आकडा तुमच्यापेक्षा खालीच येणार. टाइमकोड दिला असेल तर तिथे जा, ती एक जागा सोडवा, आणि त्यानंतर पूर्ण सिनेमा पुन्हा मोजा.